ऑस्टिओपॅथिक रेसिडेन्सी एका छत्राखाली आल्या, पण छोट्या गावांतल्या हॉस्पिटलांचं काय?

मिरजकर_ओहायोत

गेल्या महिन्यात जुन्या हॉस्पिटलात एका सहकाऱ्याला भेटायला गेलो होतो. २०१३ ते २०१८ मी तिथे इंटर्नल मेडिसिनचा डॉक्टर होतो. ऐंशी-नव्वद खाटांचं हॉस्पिटल, आजूबाजूला मक्याची शेतं. तेव्हा तिथे फॅमिली मेडिसिनची डीओ रेसिडेन्सी (पदवीनंतर हॉस्पिटलात काम करत घ्यायचं प्रशिक्षण) होती, वर्षाला दोन मुलं. आता रेसिडेंटांच्या खोलीत बिलिंगवाले बसतात. ते पाहून हा धागा काढतोय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत डॉक्टर दोन पदव्यांनी होता येतं, एमडी आणि डीओ, म्हणजे डॉक्टर ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन. डीओंची परंपरा अँड्र्यू टेलर स्टिल यांची, १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्क्सव्हिलला त्यांनी पहिलं कॉलेज काढलं. आज डीओ सगळी औषधं लिहितात, सगळ्या शस्त्रक्रिया करतात. वर स्नायू-सांध्यांवर हातांनी करायच्या उपचारांचे सुमारे दोनशे तास शिकतात. त्यांच्या रेसिडेन्सींना मान्यता देणारी संस्थाही वेगळी होती, एओए (अमेरिकन ऑस्टिओपॅथिक असोसिएशन). एमडींच्या बाजूला एसीजीएमई. फेब्रुवारी २०१४ मध्ये करार झाला, १ जुलै २०१५ ते ३० जून २०२० ही पाच वर्षं ठरली, आणि त्यानंतर मान्यता देणारी संस्था एकच उरली, एसीजीएमई.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे एकत्रीकरण म्हणजे एकाने दुसऱ्याच्या घरी राहायला जाणं होतं. नियम घरमालकाचे. प्रोग्रॅम डायरेक्टरला शिकवण्यासाठी राखीव वेळ द्या, शिक्षकांचं संशोधन दाखवा, संस्थेच्या पातळीवर शिक्षणाची समिती आणि जबाबदार अधिकारी नेमा. मोठ्या विद्यापीठाला हे रोजचंच. आमच्याकडे तीन शिक्षक होते, तिघंही दिवसाला पंचवीस पेशंट बघणारे. एसीजीएमईच्या मान्यतेचा अर्ज भरायलाच माणूस नव्हता. शेवटी प्रशासनाने अर्ज केलाच नाही. ज्या मुलांना तिथे राहून तिथलेच डॉक्टर व्हायचं होतं, त्यांची वाट बंद झाली.

रामभाऊ_सोलापूर

डॉक्टरसाहेब, तुमची कळकळ समजते, पण मी दुसऱ्या बाजूने बोलणार.

माझं पोस्टग्रॅज्युएशन डीएनबीचं (भारतात एमडीच्या जोडीने चालणारी, वेगळ्या मंडळाची पदव्युत्तर पदवी), एका खासगी हॉस्पिटलातून. शिक्षण किती झालं विचाराल तर खरं सांगतो, मी तिथे रात्रपाळी सांभाळायला स्वस्तात मिळालेला हात होतो. जर्नल क्लब कागदावर. केस प्रेझेंटेशन तपासणी यायच्या आठवड्यात. पुढे शिकवण्याच्या जागेसाठी गेलो तर दर वेळी तोच प्रश्न, हे एमडीच्या बरोबरीचं आहे का? समकक्षतेची पत्रकं खिशात घेऊन फिरलो. दोन मान्यता असल्या की दुसऱ्या बाजूच्या माणसाला आयुष्यभर कागद दाखवावे लागतात.

छोटं हॉस्पिटल म्हणजे आपोआप चांगलं शिक्षण, हे मला मान्य नाही. वर्षाला दोन रेसिडेंट, तीन शिक्षक आणि प्रत्येकाचे पंचवीस पेशंट, तर त्या मुलांना शिकवत कोण होतं?

एक वेगळा अनुभव. माझा भाचा न्यू जर्सीत डीओ आहे. त्याच्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीकडच्यांना वाटलं की हा हाडवैद्य. इंग्लंडात ऑस्टिओपॅथ म्हणवणारे डॉक्टर नसतात, ते कुणीतरी वाचलं होतं. शेवटी रेसिडेन्सी कुठली आणि तिला मान्यता कुणाची, हे सांगितल्यावर विषय मिटला. त्या मान्यतेचं मोल त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांना कळलं.

नीलांबरी_डीओ

मी स्वतः डीओ, हृदयरोगतज्ज्ञ. मिरजकर, तुमच्या हॉस्पिटलाबद्दल वाईट वाटलं, पण तुम्ही गोष्ट मधून सुरू केलीत. करार का झाला ते आधी बघा.

२०११ मध्ये एसीजीएमईने नवे नियम सुचवले होते. त्यांच्या फेलोशिपला (रेसिडेन्सीनंतरच्या उपशाखेच्या प्रशिक्षणाला) यायचं तर आधीची रेसिडेन्सीही त्यांच्याच मान्यतेची हवी. याचा अर्थ एओएच्या रेसिडेन्सीतून इंटर्नल मेडिसिन केलेल्या मुलीने कार्डिऑलॉजीचं, कॅन्सरचं, आयसीयूचं स्वप्न सोडायचं, किंवा एओएच्या मोजक्या फेलोशिपवर भिस्त ठेवायची. त्या काळात मी विद्यार्थिनी होते. आमच्या वर्गात त्या बातमीने झोप उडाली होती. एओएने वाटाघाटी केल्या नसत्या तर दार आमच्या तोंडावर बंद झालं असतं. अर्ध्याहून जास्त डीओ तेव्हाही एसीजीएमईच्या रेसिडेन्सीतच जात होते. म्हणजे माणसं आधीच त्या घरात राहत होती, नाव तेवढं दारावर नव्हतं.

२०२० मध्ये पहिल्यांदा सगळे एकाच मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागा वाटणाऱ्या देशव्यापी प्रक्रियेत, उतरले. डीओ कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी सुमारे ९१ टक्क्यांना जागा मिळाली, एमडींच्या जवळजवळ ९४ टक्क्यांना. बरबाद झालेल्यांचे आकडे असे नसतात.

वसुधा_सॅनडिएगो

नीलांबरी, मला कॅलिफोर्नियाची आठवण येते. इथल्या जुन्या डीओ डॉक्टरांकडून ऐकलेलं आहे.

१९६२ मध्ये इथल्या डीओंना सांगण्यात आलं, ६५ डॉलर भरा आणि एमडी व्हा. दोन हजारांच्या आसपास डॉक्टरांनी पदवी बदलली. लॉस एंजेलिसचं ऑस्टिओपॅथिक कॉलेज एमडी कॉलेज झालं, तेच पुढे अर्व्हाइनच्या विद्यापीठात गेलं. नव्या डीओंना राज्यात परवाना देणं बंद. १९७४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते दार पुन्हा उघडलं. तेव्हाही शब्द हाच होता, एकत्रीकरण. बरोबरी देतो म्हणून सांगून एक परंपरा जवळजवळ पुसली होती.

आताचंही बघा. हातांनी उपचार करायला रेसिडेन्सीत वेळ कोण देतं? शिकतात कॉलेजात, विसरतात हॉस्पिटलात.

नीलांबरी_डीओ

वसुधाताई, तो इतिहास मला पाठ आहे आणि म्हणूनच तुलना पटत नाही. तेव्हा पदवी गेली होती. आज पदवी जागेवर आहे, कॉलेजं वाढताहेत, देशातल्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांत जवळपास चौथा हिस्सा डीओंचा आहे. एसीजीएमईमध्ये 'ऑस्टिओपॅथिक रेकग्निशन' नावाची वेगळी ओळख आहे, कुठलाही प्रोग्रॅम ती मागू शकतो आणि मग तिथे एमडी मुलंही हे उपचार शिकू शकतात. स्नायू-सांधे-मज्जासंस्थेची स्वतंत्र ऑस्टिओपॅथिक शाखाही त्यांनी स्वीकारली. १९६२ मध्ये असं काही नव्हतं.

वेळ मिळत नाही हे मात्र खरं. मीही आता क्वचितच करते. पण तो दोष मान्यतेचा नाही, पंधरा मिनिटांच्या अपॉइंटमेंटचा आहे.

कोपरगावची_पीडी

मी मिडवेस्टमध्ये एका सर्जिकल शाखेची प्रोग्रॅम डायरेक्टर आहे, पदवी एमडी. दोन्ही बाजूंनी एक मुद्दा सुटला.

एओएच्या प्रोग्रॅममध्ये एमडी येऊ शकत नव्हते. ऑर्थो, डर्मॅटॉलॉजी, ईएनटी अशा शाखांत थोड्याच, पण डीओंसाठी राखलेल्या जागा होत्या. एकत्रीकरणानंतर त्या जागांवर सगळेच अर्ज करतात. दार दोन्ही बाजूंनी उघडलं, पण गर्दी एकाच बाजूने आत आली. नीलांबरीने दिलेला एकूण टक्का खरा आहे, तरी त्यात ही गोष्ट दिसत नाही. फॅमिली मेडिसिनमध्ये मिळालेली जागा आणि ऑर्थोत हुकलेली जागा तिथे एकाच बेरजेत जातात.

मिरजकर, तुमच्याशी मात्र असहमत. मी असे छोटे प्रोग्रॅम तपासले आहेत. काही उत्तम होते. काहींत सर्जरीचा रेसिडेंट ठरावीक ऑपरेशनं न करताच बाहेर पडत होता, कारण तेवढ्या केसच येत नव्हत्या. तो पुढे कुणाच्या तरी पोटात सुरी घालणार असतो. तिथे मला गाव, परंपरा, आपुलकी यातलं काही ऐकू येत नाही.

मिरजकर_ओहायोत

सर्जरीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. केस नसतील तर प्रोग्रॅम नको.

रामभाऊ, तुमच्या प्रश्नावर दोन दिवस विचार केला. शिकवत कोण होतं? आम्हीच, रात्री साडेसातला, ओपीडी संपल्यावर. दर मंगळवारी. चांगलं होत होतं असं मला वाटायचं, पण बाहेरून कुणी येऊन तपासलं नव्हतं, तेव्हा माझ्या शब्दाला फार वजन नाही. हे लिहायला जड जातंय.

तरीही फॅमिली मेडिसिन म्हणजे सर्जरी नव्हे. तिथल्या रेसिडेंटला शेतकऱ्याची शुगर, त्याच्या बायकोचं डिप्रेशन आणि नातवाचा ताप एकाच दुपारी बघायला मिळतो, हे शिक्षण मोठ्या शहरात मिळत नाही. पूर्वी एओएच्या प्रोग्रॅमना एखाद्या ऑस्टिओपॅथिक कॉलेजशी जोडलेल्या गटात राहावं लागायचं, ऑप्टी म्हणायचे त्याला. काही गटांनी पुढे येऊन छोट्या हॉस्पिटलांचं पालकत्व घेतलं, समिती आणि कागदपत्रं त्यांनी सांभाळली, आणि ते प्रोग्रॅम टिकले. आमच्या गटाने ते केलं नाही. पाच वर्षांत अर्ज लिहायला एक माणूस पाठवला असता तर पुरलं असतं. नियम कडक झाले याचा राग कमी, वर हात द्यायला कुणी नव्हतं याचा जास्त.

नीलांबरी_डीओ

यावर मी तुमच्या बाजूने.

आणि परीक्षेचं काय? मान्यता एक, मॅच एक, पण परीक्षा अजून दोन. डीओंना त्यांची परवाना परीक्षा कॉमलेक्स सक्तीची आणि अनेक प्रोग्रॅम बघतात एमडींची यूएसएमएलई. म्हणून मुलं दोन्ही देतात. प्रत्येकीची फी सहाशे डॉलरच्या वर, अभ्यासाचे महिने वेगळे. २०२२ पासून दोन्हींचा पहिला टप्पा फक्त पास-नापास झाला, तेव्हा सगळा भार दुसऱ्या टप्प्यावर आला आणि तोही दोनदा. माझ्या हाताखालची मुलगी या वर्षी हेच करतेय, क्रेडिट कार्डावर.

कोपरगावकर, तुमच्याकडे यूएसएमएलई नसलेल्या डीओचा अर्ज वाचला जातो का?

कोपरगावची_पीडी

सरळ विचारलंत, सरळ सांगते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत नाही. अर्जांच्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर होता, यूएसएमएलईचा आकडा नसेल तर अर्ज माझ्यापर्यंत यायचाच नाही. तो मी लावलेला नव्हता, आधीपासून होता, पण काढलाही नव्हता. एका डीओ विद्यार्थ्याने फोन करून विचारलं तेव्हा लक्षात आलं. आता काढलाय, आणि आमच्या पानावर लिहिलंय की कॉमलेक्स एकटी चालेल. गेल्या सप्टेंबरात अर्ज उघडले तेव्हा शंभराहून जास्त अर्ज असे निघाले, जे आधी मी कधी पाहिलेच नसते.

मिरजकर_ओहायोत

इथे जे कोणी रेसिडेन्सीच्या निवडीत बसतात त्यांनी आपापल्या कोऑर्डिनेटरला विचारा, फिल्टर लावलाय का. उत्तर काय आलं ते इथे लिहा. मी उद्या विचारतो.