घरचे सुशी रोल १२ जणांसाठी जरा सजवायचे आहेत, काय करता येईल?

चटईवाली
शनिवारी १२ जण जेवायला आहेत. काकडी-अ‍ॅव्होकाडोचे साधे रोल नीट जमतात, पण ताटात सगळे एकसारखे काळे-पांढरे दिसतात. रंग, आकार, कुरकुरीतपणा यात काही वेगळं सुचवा. दोघं शाकाहारी आहेत आणि एकजण गरोदर, त्यामुळे कच्चा मासा नकोच. आधी काय करून ठेवता येईल तेही सांगा.

शितावरून_भात
सजावटीच्या आधी हिशोब. माणशी ८ तुकडे धरले तर ९६ तुकडे, म्हणजे अर्ध्या नोरीचे (समुद्री शेवाळाच्या काळ्या कागदासारख्या पानाचे) १२ रोल. एका रोलला साधारण ११० ग्रॅम शिजलेला भात लागतो. ६०० ग्रॅम कोरडा सुशी तांदूळ घ्या, त्याचा साधारण साडेतेराशे ग्रॅमपर्यंत भात होतो. पाणी नितळ येईपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवून निथळा, ६८० मिली पाण्यात शिजवा आणि गॅस बंद केल्यावर झाकण न उघडता १० मिनिटं मुरू द्या.

९० मिली राइस व्हिनेगर, ३ मोठे चमचे साखर, दीड छोटा चमचा मीठ. साखर विरघळण्यापुरतंच कोमट करा, उकळू नका. भात गरम असतानाच हे घाला. गार भात ते शोषत नाही, मग व्हिनेगर तळाशी साचतं आणि खालचा भात लगदा होतो. घोटू नका, उलथन्याच्या कडेने कापल्यासारखं करत उलटा आणि सोबत वारा घाला. शितांवर चकाकी येते ती त्या वाऱ्यामुळे.

उलटा_रोल
सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त फरक पडतो तो उलट्या रोलने, म्हणजे उरामाकीने. भात बाहेर आला की त्यावर काहीही लावता येतं: भाजलेले काळे-पांढरे तीळ, बारीक चिरलेली कांद्याची पात, आओनोरी (हिरव्या समुद्री शेवाळाचा चुरा). ताटलीत पसरून रोल एकदाच फिरवायचा. दोन-तीनदा फिरवला की भात सैल होतो.

पाहुण्यांसमोर ठेवायला मात्र अ‍ॅव्होकाडोचं पांघरूण करा. फळ दाबल्यावर किंचितच दबणारं हवं, फार पिकलं की कापच पडत नाहीत. अर्धं सोलून पालथं ठेवा, आडवे २ मिलीमीटरचे काप करा आणि तळव्याने एका बाजूला हलकेच ढकला. पत्ते पसरावेत तसे काप सरकतात. रोलच्या लांबीइतके झाले की लिंबाचा रस लावा, सुरीच्या पात्याने उचलून रोलवर ठेवा, वर क्लिंग रॅप आणि त्यावर रोल वळायची बांबूची चटई दाबा. रॅप न काढता कापा. सुरी रॅपसकट खाली जाते आणि काप जागेवर राहतात. रॅप तुकडे ताटात मांडताना काढायचा. बहुतेक जण तो आधी काढतात आणि तिथेच काप घसरतात.

चौकट
मी कापलेल्या तोंडावरच्या नक्षीची बाजू घेईन. जपानमध्ये चिबा भागात फुलांच्या नक्षीचे जाड रोल सणासमारंभाला करतात. ते पहिल्याच खेपेला अवघड जातं, म्हणून तुम्ही शिकाईमाकी करा. दिसायला चौकोनी, पण मुळात गोल रोलच.

आधी गुलाबी भाताचा बारीक रोल नोरीत गुंडाळा. दुसऱ्या नोरीवर पांढरा भात पातळ पसरून पहिला रोल त्यात गुंडाळा. एकूण जाडी साडेचार सेंटिमीटर हवी. हा रोल उभा चिरून चार लांब फाका करा. आता नव्या नोरीवर दोन फाका शेजारी-शेजारी, गोल बाजू आत आणि काटकोन बाहेर. मधल्या खाचेत दीड सेंटिमीटर जाडीची चौकोनी तामागोयाकीची (जपानी गुंडाळलेल्या ऑम्लेटची) किंवा काकडीची पट्टी, तिचे कोपरे फाकांमधल्या फटींकडे. वर उरलेल्या दोन फाका ठेवा, नोरी ओढून बंद करा आणि चटईत चारही बाजूंनी दाबून चौकोन करा. कापल्यावर चारही कोपऱ्यांत गुलाबी पाव वर्तुळ आणि मधोमध पिवळा चौकोन दिसतो.

फाका करताना भात चिरडत असेल तर गोल रोल ५ मिनिटं तसाच ठेवा. नोरीला भाताची ओल लागली की ती तडकत नाही.

शाकाहारींसाठी दोन गोष्टी बघा. तामागोयाकीत दाशी (जपानी सूपचं पाणी) घालत असाल तर ती फक्त कोंबूची, म्हणजे वाळलेल्या समुद्री शेवाळाची हवी, नेहमीच्या दाशीत बोनिटो मासा असतो. आणि गुलाबी रंगासाठी तयार साकुरा देनबू (गुलाबी गोड चुरा) घेऊ नका, ते कॉड माशापासून करतात. अंडं चालतं का तेही विचारून घ्या, नसेल तर काकडीची पट्टी.

कुरकुर
पांको (जपानी ब्रेडचा चुरा) थोड्या लोण्यात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परता, कागदावर पूर्ण गार करून डब्यात भरा. रोल कापून मांडल्यावर, अगदी वाढताना वर पेरा. आत भरलं तर पंधरा मिनिटांत मऊ.
सॉस: ३ मोठे चमचे मेयोनेझ, १ मोठा चमचा श्रीराचा (तिखट मिरची सॉस), अर्धा छोटा चमचा तिळाचं तेल. मेयोनेझ बाटलीतलं, पाश्चराइज्ड अंड्याचंच घ्या, गरोदर पाहुणी आहे. सॉस थेंबाथेंबाने द्या, ओघळ आले की भात सुटतो.

बाराही_वेगळे_नकोत
वरचं सगळं एकाच दिवशी करायला जाऊ नका. ४ रोल अ‍ॅव्होकाडोचे, २ शिकाईमाकी, उरलेले तीळ लावलेले साधे उरामाकी. एवढ्यात ताट भरगच्च दिसतं. कोळंबी घालणार असाल तर पोटाच्या बाजूने लांब काडी खुपसून मगच मिठाच्या पाण्यात उकळा, सरळ राहते. पारदर्शकपणा गेला की लगेच बर्फाच्या पाण्यात. शाकाहारी रोल आधी कापा, मग कोळंबीचे, म्हणजे सुरी आणि पाट दोन्ही वेगळे काढावे लागत नाहीत.

चटईवाली
सगळ्यांचे खूप आभार, शिकाईमाकी करतेच. दोन अडचणी. गुलाबी भातासाठी बीटचा रस घातला की भात पसरट, गिळगिळीत होतो. आणि रोल आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवले तर?

शितावरून_भात
रस थेट भातात घालू नका. ४ मोठे चमचे बीटचा रस आटवून १ चमचा करा आणि गुलाबी भातापुरतं जे व्हिनेगर बाजूला काढाल त्यात मिसळा. तेवढंच व्हिनेगर कमी घ्या, म्हणजे एकूण ओल वाढत नाही.

रात्रभर फ्रिजमध्ये नको. गार झाल्यावर भातातला स्टार्च घट्ट होतो, शितं कडक आणि कोरडी लागतात, आणि बाहेर काढून ठेवल्याने ती पुन्हा मऊ होत नाहीत. आदल्या दिवशी तामागोयाकी, सॉस, पांको आणि कोळंबी उकळणं एवढंच करा. काकडी त्याच दिवशी, बियांचा गर काढून, चिमूटभर मीठ लावून १० मिनिटांनी कोरडी पुसून.

भात झाल्यावर ओल्या फडक्याखाली ठेवा. पाहुणे येण्याच्या तासभर आधी रोल वळा, न कापता रॅपमध्ये गुंडाळून ठेवा. अ‍ॅव्होकाडोचं पांघरूण सगळ्यात शेवटी. कोळंबी किंवा अंडं असलेले तुकडे वळल्यापासून दोन तासांच्या आत संपले पाहिजेत.

कापताना सुरी दाबू नका, मागेपुढे ओढा. प्रत्येक कापानंतर व्हिनेगर-पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. आधी रोल मधोमध, मग दोन्ही अर्ध शेजारी ठेवून तीन काप. आठही तुकडे एकाच उंचीचे येतात.