‘सक्तीचे शिक्षण’: सक्ती नेमकी कोणावर?

दुपारपाळी: शाळेच्या सूचना सोप्या मराठीत लिहून देण्याचं काम माझ्याकडे असतं. प्रवेशाच्या फलकावर लिहिलं होतं, ‘६ ते १४ वयाच्या बालकांसाठी शिक्षण मोफत व सक्तीचे आहे.’ ऊसतोडीहून परतलेली एक आई फाटकाशीच थांबली आणि म्हणाली, “मोफत कळलं. सक्तीचं म्हंजे? मधे गावाला नेलं तर पोलीस येत्यात का?” मला पटकन उत्तर देता आलं नाही. कायद्यातला हा शब्द नक्की कोणाला उद्देशून आहे?

कोशकिडा: शब्द फारसीतला. सख्त म्हणजे कडक, त्यावरून सख्ती आणि मराठीत सक्ती. ‘शक्ती’शी काही संबंध नाही. सक्तमजुरी, सक्त ताकीद, सक्तीची रजा, सक्तवसुली संचालनालय… सगळं कुटुंब एकजात दंडुकेवालं. त्यात सक्ती नेहमी कोणा‘वर’ तरी होते आणि हा ‘वर’वाला बहुतेक वेळा गरीबच असतो. त्या माऊलीनं शब्द बरोबर ऐकला. हिंदीत ‘अनिवार्य’ म्हणतात, तिथं ‘कोणावर’ हा प्रश्न इतका टोचत नाही.

काळा कोट: शब्द बरोबर ऐकला, पण कायदा उलटा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ८ काढून बघा. ‘सक्तीचे शिक्षण’ याची व्याख्याच दिली आहे: प्राथमिक शिक्षण मोफत पुरवणं आणि मुलाचा प्रवेश, हजेरी व शिक्षण पूर्ण होणं याची खात्री करणं, हे शासनाचं बंधन. म्हणजे सक्ती सरकारवर. पालकांचं कर्तव्य कलम १० मध्ये आहे, पण ते मोडलं म्हणून कायद्यात शिक्षा नाही.

कोशकिडा: मग शब्द बदलला का नाही?

काळा कोट: तो घटनेतूनच आला ना! १९५० चा मूळ अनुच्छेद ४५ असा: १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा राज्य दहा वर्षांच्या आत ‘प्रयत्न करील’. निदेशक तत्त्वांमध्ये, म्हणजे घटनेनं सरकारला धोरणासाठी घालून दिलेल्या तत्त्वांमध्ये, मुदत घातलेला हा एकच अनुच्छेद. १९६० उलटलं, सरकार प्रयत्न करत राहिलं. अनुच्छेद ३७ मुळे त्यासाठी कोर्टाची पायरी चढता येत नव्हती. १९९३ मध्ये उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १४ वर्षांपर्यंतचं शिक्षण जगण्याच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये धरलं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं अनुच्छेद २१-क आला आणि तिथलं क्रियापद आहे सरळ ‘देईल’. सगळी कमाई त्या क्रियापदाची. अर्थात ‘राज्य कायद्याने ठरवील अशा रीतीने’ ही पळवाट सोबत आहेच, आणि दुरुस्ती लागू व्हायला १ एप्रिल २०१० उजाडलं. आता ‘प्रयत्न’ उरलाय तो सहा वर्षांखालच्या पोरांसाठी. अंगणवाडीच्या वयाला अजून नुसता प्रयत्नच.

पंचगंगाकाठ: कोशकिडा, दंडुक्याची आठवण उगाच नाही हो. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं तेव्हा पोरगं न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड होता. त्या काळाचा रुपया! तेव्हा सक्ती पालकावरच होती आणि हेतू चांगलाच होता. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. शब्द तोच राहिला, बांधला जाणारा बदलला.

दुपारपाळी: मग ‘राज्य’चाही घोळ सांगते. मागच्या सूचनेत ‘राज्याची जबाबदारी’ लिहिलं, तर एका पालकांनी विचारलं, “म्हणजे मुंबई? झेडपीला काय नाही?”

काळा कोट: आहे की! अनुच्छेद १२ मधलं ‘राज्य’ म्हणजे केंद्र, राज्यं आणि स्थानिक संस्थाही. झेडपी त्यात आली. सूचनेत ‘सरकार आणि जिल्हा परिषद’ असं उघड लिहा, ताई. आणि त्या बाईंना सांगा, पोरगं गावाहून परत आलं की वयानुसार वर्गात घ्यावं लागतं. जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

कोशकिडा: मी सुचवतो: ‘शिक्षण देणे शासनावर बंधनकारक आहे.’

पंचगंगाकाठ: ‘बंधनकारक’ वाचून ती बाई पुन्हा फाटकाशीच थांबेल.

दुपारपाळी: आज फलक पुसून लिहिलं: ‘तुमच्या मुलाला आठवीपर्यंत शाळा फुकट मिळालीच पाहिजे. ती देणं सरकारचं आणि झेडपीचं काम आहे. कागद नसला तरी या.’ मुख्याध्यापक म्हणाले, ‘फुकट’ काढा, ‘मोफत’ लिहा. तेवढं बदललं.