शब्दचर्चा: लँडस्केप म्हणजे निसर्गचित्रच का?

रंगपेटी: सतराव्या शतकातल्या डच चित्रांवर लिहितेय आणि पहिल्याच ओळीत अडकलेय. लँडस्केपला आपण सरसकट निसर्गचित्र म्हणतो, पण ह्या चित्रांत निसर्ग आहेच कुठे? होबेमाचं १६८९ चं मिडलहार्निसचं चित्र बघा, मधोमध सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना खालच्या फांद्या छाटून उंच वाढवलेली झाडं, कडेने पाण्याचे चर, आणि उजवीकडे रोपांच्या वाफ्यात एक माणूस काम करतोय. सगळं माणसानेच आखलेलं!

वाचनवेडा: देखावा म्हणा की. मूळ डच शब्द लांडस्खाप, त्याचाही अर्थ आधी मुलूख, प्रदेश असाच, चित्रकारांच्या बोलीतून तो इंग्रजीत गेला.

रंगपेटी: अहो देखावा म्हटलं की लोकांना गणपतीपुढची आरासच दिसणार ना :)

खारेवारे: मग शिवार घ्या. राउसडालने हार्लेमची जी चित्रं काढलीत त्यात वरचा दोन तृतीयांश भाग नुसते ढग, लांबवर चर्चचा माथा, आणि खाली मैदानात लिननचे लांबच लांब पट्टे उन्हात पसरलेत. हार्लेमचा तो मोठा धंदा होता, कापड क्षारात नि ताकात भिजवून गवतावर पांढरं करायचं. गावाची जमीन आणि तिच्यावर चाललेलं काम, दोन्ही शिवारात येतं, भूदृश्य वगैरे मला सरकारी नकाशातलं वाटतं.

वाचनवेडा: पण व्हान गॉयेनच्या चित्रांतल्या नदीवरच्या होड्या शिवारात कशा बसवणार?

रंगपेटी: हो तेही आहेच. बरं पोल्डरला, म्हणजे बांध घालून पाणी काढून मिळवलेल्या डच जमिनीला, खाजण चालेल का? गोव्यात बांध घालून भरतीचं पाणी अडवतात तसंच ना?

खारेवारे: बांधापुरतं जुळतं, पुढे नाही. खाजणात ओहोटी लागली की मानशीतून, म्हणजे बांधातल्या झडपेच्या दारातून, पाणी आपसूक निघून जातं. बेम्स्टरचा डच पोल्डर तर आधी अख्खं तळंच होतं, ते पवनचक्क्यांनी पाणी उपसून १६१२ मध्ये कोरडं केलं आणि नंतरही उपसा चालूच ठेवावा लागला. पोल्डर तसाच ठेवा, एक वाक्य समजावून द्या, झालं.

रंगपेटी: ठीक, मथळ्यात लँडस्केप आणि मजकुरात जिथे शेतं-कुरणं येतील तिथे शिवार. आता पॉटरचा १६४७ चा बैल राहिला, तीन मीटरहून रुंद चित्र आणि मागे सपाट कुरण. हे लँडस्केपमध्ये घेऊ का?

वाचनवेडा: बैल एवढा मोठा काढलाय तर प्राणिचित्र म्हणा, कुरण बिचारं मागे चरू दे.