मँगोस्टीनच्या सालीची पूड मेंदूसाठी घ्यावी का?

प्रश्न
मँगोस्टीन या जाड जांभळ्या सालीच्या फळाच्या सालीतला अल्फा-मँगोस्टिन हा घटक मेंदूच्या पेशी जपतो, असं वाचलं. साल वाळवून पूड केली तर रोज किती घ्यावी? काढा भयंकर तुरट होतो, तो चालेल का? की नुसता गर खाल्ला तरी पुरे?

प्रतिसाद १
अल्फा-मँगोस्टिन झँथोन या वनस्पतींतल्या द्रव्यांच्या गटातला. ही द्रव्यं बहुतेक सगळी सालीतच. पांढऱ्या गरात नावापुरती.

काढ्याचा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन पाण्यात उतरतं, अल्फा-मँगोस्टिन जवळजवळ विरघळतच नाही. त्याला इथेनॉलसारखं द्रावक लागतं. काढा गाळून चोथा टाकला की ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच टाकलं.

वाळवायचीच असेल तर ४-५ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा. ५० अंश सेल्सिअसच्या आसपास, कट्कन मोडेपर्यंत. फळाच्या सालीची अर्धी वाटी न कापता तशीच ठेवली तर वरून कडक होते, आत ओल राहते आणि बुरशी धरते. चिरताना जुने कपडे घाला, सालीचा डाग निघत नाही.

प्रतिसाद २
"रोज किती" याला प्रामाणिक उत्तर नाही. काचपात्रातल्या चेतापेशींवर आणि उंदरांवर परिणाम चांगले दिसलेत: बीटा-अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) त्रास कमी, दाह कमी. पण काचपात्रात द्रव्य थेट पेशींवर पडतं. तोंडावाटे घेतलं की थोडंच शोषलं जातं, त्यातलंही बरंचसं आतडं आणि यकृत ग्लुकुरोनाइड (शरीरात तयार होणारा साखरेसारखा रेणू) जोडून निकामी करतात. स्निग्ध जेवणाबरोबर शोषण थोडं सुधारतं, इतकंच.

माणसांवरचं उदाहरण हवं तर स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचं घ्या. नेहमीच्या औषधांच्या जोडीला सालीची पूड रोज १००० मिलिग्रॅम, २४ आठवडे दिली. प्लासिबोपेक्षा (औषध नसलेली दिखाऊ गोळी) सरस ठरली नाही. घरच्या पुडीत तर अल्फा-मँगोस्टिन किती, हेच कळत नाही. फळाच्या पिकलेपणावर ते बदलतं.

प्रश्नकर्ता
पण नैसर्गिक आहे, अपाय तरी काय होणार?

प्रतिसाद ३
नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे. वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारं दुसरं काही चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पूड नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद. २००८ मध्ये वर्षभर रोज मँगोस्टीनचा रस घेणाऱ्या एका रुग्णाला गंभीर लॅक्टिक अॅसिडोसिस (रक्तात लॅक्टिक आम्ल साचणं) झाल्याची नोंद आहे. एकच रुग्ण, त्यामुळे रसच कारण हे सिद्ध नाही. पण रोज वर्षभर घ्यायच्या आधी लक्षात असू द्या.

गर मात्र खुशाल खा. फळाच्या बुडाशी फुलासारखी नक्षी असते. तिच्या जितक्या पाकळ्या, तितक्या आत फोडी. साल दाबून दगडासारखी लागली तर ते फळ घेऊ नका, आत गर खराब निघतो.