अनुभव धागा: ऑनलाइन मतदार नोंदणी मोहीम, मुंबईत फॉर्म कुठे अडतात?

सोसायट्या, वस्त्या, कॉलेजांत संस्थांतर्फे नावनोंदणी करून घेणाऱ्यांनी लिहावं. भाषणं नकोत, खाचाखोचा हव्यात.

चाळकरी: 'नाव नोंदवायचंय का?' असं विचारूच नका. 'आधी कुठे नाव होतं?' हे विचारा. लालबागहून बोरिवलीला गेलेला माणूस सर्रास फॉर्म ६ भरतो. तो पहिल्यांदा नाव लावणाऱ्यांचा. खाली तसं घोषणापत्र असतं आणि खोट्या घोषणेला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. पत्ता बदलला की फॉर्म ८. प्रचाराच्या मेसेजमध्ये दोन्ही फॉर्म वेगळे सांगा, नुसती 'इथे क्लिक करा' लिंक घात करते.

कट्टेकरी: खरी गंमत 'ळ'ची! इंग्रजीत नाव टाइप केलं की मराठी रकाना आपोआप भरतो, आणि 'कांबळे'चं 'कांबले', 'काळे'चं 'काले' होतं. वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावाचंही तेच. मोबाइलवर कुणी खाली बघत नाही. सबमिट करण्याआधी मराठी रकाना मोठ्याने वाचायला लावा, नाहीतर दुरुस्तीला पुन्हा फॉर्म ८.

फलाट क्र. १: मतदारसंघ स्टेशनच्या नावाने शोधू नये. यादीत 'बांद्रा' नाही, 'वांद्रे' आहे, तेही पूर्व-पश्चिम वेगळं. दादर नावाचा मतदारसंघ तर २००८च्या पुनर्रचनेत गेलाच; शिवाजी पार्क माहीममध्ये येतं. ३६ मतदारसंघांतले १० शहर जिल्ह्यात, २६ उपनगरात. जिल्हा चुकला की पुढची यादीच वेगळी उघडते.

एनएसएसवाली: कॉलेजात १७ पूर्ण झालेल्यांनाही बसवा, आगाऊ अर्ज चालतो. १ जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या चार अर्हता तारखा आहेत, म्हणजे यांपैकी ज्या तारखेला १८ पूर्ण असतील ती धरतात. हॉस्टेलची मुलं हॉस्टेलच्या किंवा गावच्या पत्त्यावर नाव लावू शकतात, पण एकाच ठिकाणी.

चाळकरी: आणि कार्यकर्त्याने स्वतःचा नंबर वीस फॉर्मांवर टाकू नये. ओटीपी पटकन मिळतो खरा, पण पुढचे मेसेज अर्जदाराला जातच नाहीत. आधारचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवणं तर साफ बंद. शीटमध्ये नाव, संदर्भ क्रमांक, तारीख, बस.

कट्टेकरी: महापालिकेसाठी वेगळी नोंदणी नसते. विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात.

फलाट क्र. १: फॉर्म गेला की वॉचमनला सांगून ठेवा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला येतात, वॉचमन गेटवरूनच 'साहेब नाहीत' म्हणून परत पाठवतो. सोसायटीच्या फलकावर अर्जदारांचे फ्लॅट क्रमांक लावले तर हेलपाटा वाचतो.