मदत हवी आहे : हे तात्या नक्की कोणते? (बडोदा, अर्जंट)

दांडियाबाजारकर :
आमचा कुलवृत्तांत छापायला द्यायचाय, प्रेसवाला डोकं खातोय. पणजोबांच्या वहीत तात्या आमच्या घरी आले होते असं लिहिलंय, साल १८४३. चुलतभाऊ म्हणतो तात्या टोपेच, टाक बिनधास्त, पान उठून दिसेल. टाकू का? प्लीज फक्त हो किंवा नाही सांगा.

वाटसरू :
रोजनिशी की हिशेबाची वही? पूर्ण ओळ द्या ना. तात्या काय एकच होऊन गेलेत का.

ग्वाल्हेरचा बाळ :
टोपेच! खरं नाव रामचंद्र पांडुरंग, मूळचे येवल्याचे. १८५८च्या जूनमध्ये राणीसाहेबांबरोबर आमचं ग्वाल्हेर घेतलं, पुढच्या एप्रिलात शिवपुरीला फाशी. इकडे आलात तर राणीसाहेबांची समाधी बघाच, पण संध्याकाळी जा, दुपारी ऊन फार असतं.

खवचट काकू :
बाळा, समाधीचा रस्ता कोणी विचारला? आणि धागाकर्ते, पणजोबांची वही १८४३ची? तुमचं वय काय?

दांडियाबाजारकर :
३४, पण त्याचा काय संबंध?? वही मोडीत आहे, ओळखीच्या एका आजोबांनी वाचून दिली. ओळ अशी : "तात्या आले. मंडळींस चहा. गाडीभाडे ६ आणे." झालं समाधान?

वाटसरू :
हे आधी नाही सांगायचं! १८४३ला मराठी घरात कोण चहा पाजत होतं? हा शक आहे हो. शके १८४३ म्हणजे १९२१-२२.

पेढीवाले :
बडोद्यात हिशेब संवतात ठेवायचे. आमच्या पेढीवर अजून दिवाळीला नवा चोपडा निघतो.

वाटसरू :
संवत १८४३ म्हणजे १७८६-८७. तुम्ही तर थेट सवाई माधवरावांच्या काळात चहा पोचवलात.

जुनी पानं :
वही लॅमिनेट करू नका कोणीही काहीही सांगितलं तरी, माझ्या मामांनी केली होती, आतली शाई पसरली. कोरड्या जागी ठेवा आणि मोबाइलने फोटो काढताना फ्लॅश बंद.

दांडियाबाजारकर :
लॅमिनेशनचं कोणी विचारलंय? टोपे नाही तर मग कोण ते सांगा.

रत्नांग्रीकर :
तात्या म्हणजे तात्याराव सावरकर, दुसरं कोण.

खवचट काकू :
१९२१ला ते अंदमानातून सुटून चहाला बडोद्याला आले वाटतं? त्या वर्षी त्यांना अंदमानातून आणलं ते इकडच्या तुरुंगात ठेवायला.

शनिवारपेठी :
अहो उत्तर समोर आहे. १९२१चं साहित्य संमेलन बडोद्यालाच झालं, अध्यक्ष न. चिं. केळकर, केसरीचे संपादक, म्हणजे तात्यासाहेब केळकर! बेलाशक टाका.

नाशिकची मिसळ :
तात्यासाहेब म्हटलं की आमच्याकडे फक्त शिरवाडकर.

शनिवारपेठी :
कुसुमाग्रजांचा जन्म १९१२चा. नऊ वर्षांच्या मुलाला कोण गाडीभाडं देतं? आणि त्यांचं पाळण्यातलं नाव गजानन, दत्तक गेल्यावर विष्णु वामन. तात्या सगळ्यांना मागाहून चिकटतं.

टपोरी_९३ :
ओम फट स्वाहा! झपाटलेलामधला तात्या विंचू कसा विसरलात, पाध्यांचा बाहुला, तो पण आला असेल चहाला 😂

वाटसरू :
केळकर असते तर नुसतं "तात्या आले" लिहिलं असतं का? एवढा मोठा माणूस घरी आला तर हार, नारळ, उपरणं काहीतरी खर्ची पडेल की नाही. हा घरातलाच कोणी काका वाटतो. मराठी घरात एक तात्या, एक अण्णा आणि एक भाऊ असतातच. पुढची ओळ काय आहे?

शनिवारपेठी :
घाईत हार राहिला असेल लिहायचा.

दांडियाबाजारकर :
आजोबांना परत फोन केला. त्याच पानावर खाली आहे : "चि. तात्या याचे मुंजीस भिक्षावळ रु. २." आता हे काय?? वर आले आणि खाली मुंज?

खवचट काकू :
म्हणजे एका पानावर दोन तात्या, एक चहा पिणारा आणि एक बटू. चुलतभावाला कळवा.

दांडियाबाजारकर :
त्याला सांगितलं, तो म्हणतो मग केळकर टाक. प्रेसवाल्याला उद्या द्यायचंय यार.

नाशिकची मिसळ :
थांबा थांबा. १९१२चा जन्म, १९२१ला नऊ वर्षं. मुंजीचं वय बरोबर जुळतंय 😄