सासऱ्यांच्या कपाटातील जुनी औषधे कशी काढावीत?

प्रश्न (डिचोली)
मामंजींच्या निधनानंतर त्यांचे कपाट आवरताना रक्तदाबाच्या गोळ्या, अर्धवट सिरप, इन्सुलिनच्या सुया, एक इनहेलर आणि शेवटच्या दुखण्यात दिलेले फेंटानिलचे पॅच (त्वचेवर चिकटवायच्या तीव्र वेदनाशामक औषधाच्या पट्ट्या) निघाले. हे सर्व कचऱ्याच्या गाडीत द्यावे, तर कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हाताला सुया टोचतील. परसात पुरावे, तर विहीर वीस पावलांवर आहे आणि पावसात सारे तिच्यातच झिरपेल. शिवाय काही गोळ्यांवर मुदत म्हणून चालू महिनाच छापलेला आहे. त्या बाद समजाव्यात का?

उत्तर (औषधविक्रेता, म्हापसा)
छापलेल्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत गोळी मुदतीत असते. मात्र दमट कपाटात रंग बदललेली किंवा चिकटलेली गोळी मुदतीत असली तरी घेऊ नये.

सर्वांत आधी पॅचकडे लक्ष द्या. वापरलेल्या पॅचमध्येही औषध उरते आणि ते लहान मुलाचा जीव घेऊ शकते. चिकट बाजू आत दुमडून ते शौचालयातून वाहून टाकावेत. घरात उरल्यास घातक ठरणाऱ्या अशा 17 औषधांची यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने 2025 मध्ये दिली. ट्रामाडॉल आणि डायझेपामही तीत आहेत. विहिरीची काळजी मला समजते, पण येथे तातडीचा धोका घरातल्या मुलांना आहे. बाकीच्या गोळ्या आणि प्रतिजैविके मात्र शौचालयात किंवा मोरीत कदापि टाकू नयेत.

उत्तर (माजी पंच, फोंडा)
घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये मुदत संपलेली औषधे आणि वापरलेल्या सुया घरगुती घातक कचऱ्यात गणल्या होत्या, त्यामुळे त्या ओल्या-सुक्यात मिसळू नका. सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात भरून झाकण चिकटपट्टीने बंद करा, डब्यावर ‘सुया’ असे ठळक लिहा आणि तो गाडीवरील माणसाच्या हातात सांगून द्या. गोळ्यांची पिशवीही वेगळी द्या, पण त्याआधी पाकिटे कापा, नाहीतर ती पुन्हा विक्रीला जाऊ शकतात. इनहेलर दाबाखाली भरलेला असतो, म्हणून तो भोसकू किंवा जाळू नये.

प्रश्नकर्ती
पॅच आजच काढते. उरलेले सिरप शेजारच्या काकींना देणार होते, कारण त्यांनाही तोच खोकला आहे.

उत्तर (औषधविक्रेता, म्हापसा)
कृपया देऊ नका. बाटली कधी उघडली हे ठाऊक नाही, आणि खोकल्याची कारणे अनेक असतात. काकींना डॉक्टरांकडे न्यावे.